रद्दी आणि कात्रणांतून बॉक्स: कोल्हापुरात पॅकिंगचा छोटा उद्योग कसा उभा करायचा

पर्यावरणपूरक पॅकिंगचा विषय कोल्हापुरात निघाला की पहिलं नाव बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, येतं. आजूबाजूला एवढे साखर कारखाने, एवढा ऊस, मग चिपाड फुकटच मिळत असणार, असा हिशोब असतो. तो चुकतो. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बगॅस निघतो खरा, पण कारखाना तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतो. गुऱ्हाळवाला तेच चिपाड वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात घालतो. इथं बगॅस म्हणजे इंधन, आणि इंधनाला भाव असतो. शिवाय त्याच्या ताटल्या-वाट्या काढायच्या तर लगदा, धातूचे साचे, तापवलेलं हायड्रॉलिक दाबयंत्र असा सगळा संच लागतो. बचत गटानं किंवा घरच्या दोघा-तिघांनी सुरुवात करायचा तो धंदा नाही. उसाचं पाचट तर शेतात आच्छादन म्हणूनच बरं.

मग इथं खरोखर कचरा काय आहे? दुकानांतली पुठ्ठ्याची खोकी, कार्यालयांतली आणि कॉलेजांतली रद्दी, छापखान्यांची कात्रणं, आणि इचलकरंजीच्या कापडाच्या चिंध्या. यातून जाड हातकागद आणि पुठ्ठा करायचा, आणि त्याचे बॉक्स जिल्ह्यातल्याच मालासाठी विकायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी माल बघा, मग बॉक्स

बहुतेकजण आधी कागद बनवतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. उलटं करा. बॉक्समध्ये काय जाणार आहे, हे ठरल्याशिवाय कोणती रद्दी गोळा करायची हेसुद्धा ठरत नाही. कोल्हापुरात चार माल डोळ्यांसमोर आहेत आणि चौघांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत.

कोल्हापुरी चप्पल. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, तेव्हापासून चांगल्या बॉक्सची विचारणा वाढायला हवी होती. चप्पल लाईनमध्ये अजूनही बराच माल प्लॅस्टिकच्या पिशवीतून जातो. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. त्यात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. म्हणून चपलेच्या बॉक्सला आतल्या बाजूनं स्टेपलरची पिन किंवा लोखंडी तार चालणार नाही. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून दोन्ही अरुंद बाजूंना बोटाएवढी भोकं पाडा. आतला कागद बिनरंगी ठेवा, कारण दमट हवेत रंग उतरून चामड्याला लागतो. पुठ्ठ्याचं काम शिकायला हा माल सगळ्यात सोयीचा: वजन बेताचं, खाण्याशी संबंध नाही, आणि गिऱ्हाईक बॉक्स घरी नेऊन ठेवतं.

हुपरीची चांदी. इथं पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून केलेला तपकिरी कागद आत वापरू नका. असा कागद मुळात क्राफ्ट पद्धतीनं केलेला असतो, त्यात गंधकाची संयुगं राहून जाऊ शकतात, आणि गंधकानं चांदी काळवंडते. रबरबँडचंही तेच. चांदीसाठी पांढऱ्या सुती चिंध्यांचा कागद आणि आत धुतलेलं पांढरं सुती कापड. इचलकरंजी आणि हुपरी शेजारीशेजारी आहेत, म्हणजे कच्चा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच पट्ट्यात.

गूळ. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, आणि अर्धा-एक किलोच्या ढेपा भेट म्हणून चांगल्या जातात. पण गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. जूनमध्ये नुसत्या कागदात ठेवलेला गूळ आठवड्याभरात पाझरायला लागतो. त्यामुळे आत खाद्यपदार्थांसाठी प्रमाणित असं ओलावारोधक आवरण लागणारच, आणि आपला बॉक्स फक्त बाहेरून. ‘संपूर्ण प्लॅस्टिकमुक्त गूळ’ असं कुणी पावसाळ्यात विकत असेल तर तो गूळ उघडून बघा.

कांदा-लसूण मसाला सुरुवातीला सोडून द्या. तेल पुठ्ठ्यात झिरपतं आणि वास शेजारच्या बॉक्सला लागतो.

गूळ असो की मसाला, एक नियम पक्का: रद्दीपासून केलेला कागद खाद्यपदार्थाला थेट लागता कामा नये. रद्दीत छपाईची शाई, डिंक, चिकटपट्टी, काय काय असतं ते आपल्या हातात नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे, ती याच कारणानं.

कच्चा माल: रोज येणारा आणि स्वच्छ

फुकट रद्दीपेक्षा नेमानं येणारी रद्दी महत्त्वाची. भंगारवाल्याकडून मिसळ माल घेतला तर निम्मा वेळ निवडण्यात जातो. त्याऐवजी दोन-तीन ठिकाणं बांधून घ्या: एखादा छापखाना (पांढरी, न छापलेली कात्रणं वेगळी ठेवायला सांगा), एखादं कॉलेज किंवा कार्यालय, आणि कापड किंवा इलेक्ट्रिक सामानाचं एखादं घाऊक दुकान, जिथं कोरडी खोकी रोज निघतात. किराणा दुकानाची खोकी तेलकट असतात. पोती स्वतः द्या, उचलायचा वार ठरवून द्या, आणि तो वार चुकवू नका. दुकानदाराला जागा मोकळी हवी असते. तुम्ही एकदा गेला नाहीत की माल भंगारात जातो.

चिंध्यांसाठी इचलकरंजीला जावं लागेल. तिथं यंत्रमागांवरचं कापड सगळंच सुती नसतं, पॉलिस्टरची भेसळ बरीच असते, आणि पॉलिस्टरचा लगदा होत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. एक धागा काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास जळलेल्या कागदाचा, आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. प्रत्येक पोत्यातून पाच-सहा ठिकाणचे धागे जाळून बघा, नुसते वरचे नाही.

निवड हाच खरा धंदा

या कामात यंत्रापेक्षा निवडण्याचं टेबल महत्त्वाचं. चांगला उजेड, कंबरेएवढी उंची, आणि चार टोपल्या.

पहिल्या टोपलीत पुठ्ठ्याची खोकी. यांचा तंतू लांब असतो, बॉक्सला ताकद यातून येते. दुसऱ्या टोपलीत पांढरा लिहायचा-छपाईचा कागद. यामुळे रंग उजळतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. तिसरीत वर्तमानपत्र. याचा तंतू आखूड आणि कमजोर, शाईनं लगदा राखाडी होतो. एक पंचमांशापेक्षा जास्त घालू नका. चौथीत बाद माल, आणि ही टोपली सगळ्यात लवकर भरते: प्लॅस्टिकचा थर असलेले चहाचे कप, दुधा-ज्यूसची थरांची पाकिटं, मेणकागद, चकचकीत लग्नपत्रिका, आणि दुकानांची गुळगुळीत बिलं. ही बिलं उष्णतेवर छापली जातात, त्यांच्या लेपात बिस्फेनॉल जातीची रसायनं असतात. ती लगद्यात गेली की सगळ्या मालात पसरतात. पिना, चिकटपट्ट्या, फायलींच्या पट्ट्या हातानं काढायच्या. इथं राहिलेली एक पिन नंतर जाळी फाडते, आणि चपलेवर डाग पाडते तो वेगळाच.

चपलेच्या बॉक्ससाठी सुरुवातीला दोन भाग पुठ्ठा आणि एक भाग पांढरा कागद हे प्रमाण धरा. चिंध्या मिसळायच्या असतील तर बीटर लागेल, ते पुढे येतंच.

लगदा

निवडलेला कागद तळहाताएवढ्या तुकड्यांत फाडून चोवीस तास पाण्यात भिजवा. पुठ्ठ्याला त्याहून जास्त. नंतर एक किलो कोरड्या कागदाला वीस लिटर पाणी या हिशोबानं ड्रममध्ये घुसळा. चाचणीपुरतं घरचं जुनं मिक्सर पुरतं. थोड्या मोठ्या प्रमाणावर ड्रिल मशीनला रंग घुसळायचं पातं लावून काम होतं. त्यापुढे मोटरवर चालणारं लगदायंत्र शिवाजी उद्यमनगरात करून मिळतं. तिथं लेथ आणि फॅब्रिकेशनची कामं करणारे इतके आहेत की नुसतं चित्र काढून नेलं तरी दोघे-तिघे दर सांगतील. पातं बोथट ठेवायला सांगा. धारदार पातं तंतू कापतं, आपल्याला तो नुसता सुटा करायचा आहे.

लगदा झाला की नाही, हे बघायला काचेच्या ग्लासात चमचाभर लगदा आणि पाणी घालून उजेडासमोर धरा. गाठी दिसल्या तर अजून घुसळा. पीठ झालेलं दिसलं तर जास्त झालं. असा कागद वाळल्यावर ठिसूळ होतो.

सुती चिंध्या घुसळून सुट्या होत नाहीत. त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून, धुऊन, हॉलंडर बीटरमध्ये काही तास कुटाव्या लागतात. अंडाकृती हौदात पात्यांचं रूळ फिरतं आणि कापडाचे तंतू चेचून त्यांना बारीक रोवे फुटतात. हे रोवे एकमेकांत अडकतात म्हणून सुती कागद दुमडला तरी तुटत नाही. बीटर महाग आहे. विकत घेण्याआधी पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन काम बघा. १९४० पासून हे काम तिथं चालू आहे. जयपूरजवळ सांगानेरला कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे हे नवं नाही म्हणा. जुन्नरचा कागद एकेकाळी नावाजलेला होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच त्यावरून पडलंय.

कागद पाणी शोषू नये म्हणून तुरटी आणि राळ लगद्यातच घालायची जुनी रीत आहे. तुरटीनं कागद आम्लधर्मी होतो. चपलेच्या बाहेरच्या बॉक्सला चालेल, चांदीच्या कागदाला नको. तिथं ताव वाळल्यावर शिजवलेल्या स्टार्चची पातळ खळ ब्रशनं लावा.

ताव उचलणे

सागवानी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली स्टीलची जाळी, आणि वर सुटी दुसरी चौकट. माप ५६ बाय ७६ सेंटिमीटर घ्या, म्हणजे २२ बाय ३० इंच. हातकागदाचं हेच रूढ माप आहे आणि आपल्या बॉक्सलाही बसतं, कसं ते पुढे दाखवतो. हौदात लगदा पातळ करायचा, एक किलो कोरड्या तंतूला सुमारे शंभर लिटर पाणी.

जाड पुठ्ठा एका बुडीत उचलायचा मोह होतो. तो एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ येतो. १०० जीएसएमचे (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचे) पातळ थर उचला आणि ओले असतानाच एकावर एक चार पदर टाका. दाबल्यावर ते एकजीव होतात, आणि एका थरातली पातळ जागा दुसऱ्यानं झाकली जाते. थर टाकायला खाली मांजरपाट. तोही इचलकरंजीचा, धुऊन कांजी काढलेला.

मग दाब. लोखंडी चौकटीत दहा टनी हायड्रॉलिक जॅक बसवला की काम भागतं. दाब हळूहळू वाढवा. एकदम दिला तर लगदा कडेनं फुटून बाहेर येतो.

हौदातलं आणि दाबातून निघालेलं पाणी दुसऱ्या टाकीत निवळू द्या आणि पुन्हा वापरा. खाली बसलेला बारीक तंतू परत लगद्यात. हे पाणी गटारात सोडलं तर ते नाल्यातून शेवटी पंचगंगेतच जाणार, आणि मग पर्यावरणपूरक हा शब्द बॉक्सवर छापायची लाज वाटली पाहिजे.

वाळवण आणि पावसाळा

उन्हात दोरीवर टांगलेला जाड पुठ्ठा वाकडा होतो. आधी सावलीत वाऱ्याला, निम्मा वाळला की प्लायवुडवर आडवा, आणि शेवटी दोन सपाट फळ्यांत वजनाखाली. पूर्ण वाळलाय का, हे गालाला लावून कळतं. थंड लागला तर ओल आहे.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ताव नीट वाळत नाहीत. राधानगरी, गगनबावड्याकडे तर विचारच नको. म्हणून वर्षाचं वेळापत्रक असं लावा: जानेवारी ते मे ताव बनवून साठा, पावसाळ्यात कापणी, घडी, चिकटकाम आणि छपाई. दसरा-दिवाळीची मागणी यातूनच भागते. साठा जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर ठेवा. आणि जागा भाड्यानं घेताना २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी तिथं कुठपर्यंत आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरकराला सांगायला नकोत. पण भाडं कमी आहे म्हणून नेमकी त्या पट्ट्यातलीच जागा घेतली जाते.

तावातून बॉक्स

चपलेचा बॉक्स ३० सेंटिमीटर लांब, १६ रुंद आणि १० उंच धरू. खालच्या भागाला चारही बाजूंनी १० सेंटिमीटर उभी भिंत लागते, म्हणजे सपाट तुकडा ५० बाय ३६. झाकण थोडं मोठं, ३०.५ बाय १६.५, आणि भिंत ४ सेंटिमीटर. सपाट तुकडा ३८.५ बाय २४.५. आता ५६ बाय ७६ चा ताव समोर ठेवा. एका कोपऱ्यात ५० बाय ३६ चा तुकडा लांबीत लावला की बाजूला २६ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यात झाकण उभं बसतं. एका तावात एक पूर्ण बॉक्स. वर ५० बाय २० ची पट्टी राहते, तिच्यातून आतला आडवा पडदा आणि किमतीचं लेबल निघतं. बाकीची कात्रणं परत भिजवायला.

४०० जीएसएमचा हा बॉक्स साधारण ११० ग्रॅमचा होतो. म्हणजे एक किलो कोरड्या पुठ्ठ्यात नऊ बॉक्स; दर ठरवताना हा आकडा लागेल.

घडीच्या रेषेवर आधी बोथट पट्टीनं खोलगट रेघ दाबा, मग दुमडा. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे आडवी-उभी घडी सारखीच बसते. गिरणीच्या पुठ्ठ्यात एका दिशेला घडी तडकते. दोन-तीनशे बॉक्सच्या वर काम गेलं की डाय (कापायचा साचा) करून घ्या आणि छापखान्यातून पंचिंग करा. हातानं कापत बसण्यात मजुरी जाते.

चिकटवायला मैद्याची खळ स्वस्त पडते, पण झुरळं आणि कसर ती आवडीनं खातात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, खाद्यपदार्थाच्या जवळपासही नको. पांढरा फेव्हिकॉल थोडासा चालतो. सगळ्यात उत्तम म्हणजे कोपऱ्यांना खाचा पाडून एकमेकांत अडकणारे बॉक्स करणं; चिकट नाही, पिन नाही, आणि सपाट गठ्ठ्यानं पाठवता येतात.

छपाई पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) शाईनं, स्क्रीनवर, एक किंवा दोन रंगांत. गुळाच्या बॉक्सवरची शाई आयएस १५४९५ या मानकाची आहे का, ते विक्रेत्याला विचारा. वरून प्लॅस्टिकचं चकचकीत लॅमिनेशन कितीही कुणी मागितलं तरी करू नका. तो बॉक्स पुन्हा लगद्यात जात नाही.

बिया घातलेल्या कागदाची आजकाल फॅशन आहे. लगद्यात भिजलेल्या आणि दहा टनांखाली दाबलेल्या बिया उगवतील का, हे स्वतः कुंडीत टाकून बघा आणि मगच विका.

गिऱ्हाइकाला देण्याआधी चार चाचण्या

माल भरून बॉक्स कमरेएवढ्या उंचीवरून टाका: एकदा कोपऱ्यावर, एकदा धारेवर, एकदा पालथा. मग दहा भरलेले बॉक्स एकावर एक एक दिवस ठेवा आणि सगळ्यात खालचा किती दबला ते मोजा. तिसरी चाचणी, झाकणाच्या टबमध्ये ओला टॉवेल आणि बाजूला बॉक्स, रात्रभर. सकाळी घडी सैल झाली असेल तर साइझिंग, म्हणजे तुरटी-राळ किंवा खळ, कमी पडलंय. चौथी, ओलं पांढरं फडकं छपाईवर दहा वेळा घासा. फडक्याला रंग आला तर तो चपलेलाही लागणार.

परवाने, योजना, आणि बॉक्सवर काय लिहायचं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते; त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. लगद्याचं काम पाण्याशी संबंधित असल्यानं जागा घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात आपला उद्योग कोणत्या प्रवर्गात येतो, ते लेखी विचारून घ्या.

भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांची माहिती मिळते. पंतप्रधान योजनेत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांची आहे. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, तर महिला आणि इतर विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. म्हणजे तेच यंत्र शहरात बसवण्यापेक्षा ग्रामीण भागात बसवणं दहा टक्क्यांनी हलकं. चालू वर्षाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे आधी विचारा, नाहीतर प्रकल्प अहवाल करून फाईल पडून राहते.

बॉक्सवर ‘१००% पर्यावरणपूरक’ असं मोघम छापू नका. खोट्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दाव्याला पुरावा लागतो. ‘पुठ्ठ्याची जुनी खोकी आणि रद्दीपासून बनवलेला, लॅमिनेशन नाही’ एवढं लिहा. ते खरं असतं आणि वाचणाऱ्यालाही कळतं.

दर आणि उधारी

दर काढताना रद्दीचा भाव सगळ्यात लहान आकडा असतो. मोठे आकडे निवडण्याची मजुरी, ताव उचलण्याची मजुरी आणि वाळवणीला लागणारी जागा. पहिल्या शंभर बॉक्सना प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं गेली, ती वहीत लिहा. त्यात बाद झालेले ताव धरा, डायचा खर्च हजार बॉक्सवर वाटा, आणि वीज-वाहतूक घाला. जो आकडा येईल तो बाजारातल्या गिरणीच्या बॉक्सपेक्षा जास्तच असेल. म्हणून साध्या चपलेच्या दुकानदाराकडे जाऊन उपयोग नाही. जो कारागीर किंवा दुकानदार पुण्या-मुंबईला, परदेशात किंवा ऑनलाइन माल पाठवतो, ज्याच्या एका जोडीची किंमत चांगली आहे, त्याला बॉक्सचे चार पैसे जास्त देणं परवडतं.

नमुना देताना दोन द्या: एक त्याच्याकडे, एक आपल्याकडे, दोन्हींवर माप, जीएसएम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या. हातकागदाचा रंग लगद्याच्या प्रत्येक खेपेला थोडा बदलतो, हे आधीच सांगून ठेवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. कोल्हापूरच्या बाजारात उधारी चालतेच, पण बॉक्सवर एकदा गिऱ्हाइकाचं नाव छापलं की तो माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.